छंदापुरता बेंच पॉवर सप्लाय : ५ अँपियर घ्यावा की १० अँपियर?

ब्रेडबोर्ड_नाशिक

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद शाळेपासूनचा. नोकरी लागली आणि सगळं माळ्यावर गेलं. आता लेक आठवीत आहे, तिला रोबोटचं वेड लागलंय, त्यामुळे सोल्डरिंग गन पुन्हा खाली आली.

सध्या जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर, त्यापुढे ७८०५ (५ व्होल्ट काढून देणारी आयसी), असं चाललंय. ३.३ व्होल्ट लागले की वेगळी पट्टी, ९ लागले की चौकोनी बॅटरी. वैताग आहे. म्हणून एकदाचा नीट व्होल्टेज फिरवता येईल असा पॉवर सप्लाय घ्यायचा विचार आहे.

कामं अशी : ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि सेन्सर, लेकीच्या गाडीच्या मोटर, आणि माझी स्वतःची हौस म्हणजे वडिलांच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट. त्याला अधिक-उणे १२ व्होल्ट लागतील.

बजेट सहा हजार, फार तर पाचशे इकडेतिकडे. ऑनलाइन बघितलं तर ३० व्होल्ट ५ अँपियर आणि ३० व्होल्ट १० अँपियर यांच्या किमतीत फारसा फरक नाही. मग १० चाच घेऊन ठेवावा का? पुढेमागे लागला तर?

---

खटपट्या

सहा हजार कशाला घालवताय! जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला स्विचिंग पॉवर सप्लाय) शोधा, दोन-तीनशेत मिळेल. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की चालू. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, निळी उणे १२. तुमची यादी यातच संपली. काही जुने सप्लाय लोड नसेल तर चालू राहत नाहीत, त्यांना ५ व्होल्टवर १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर कायमचा लावायचा. उरलेल्या पैशात लेकीला चार मोटर जास्त येतील.

---

जुना_ट्रान्झिस्टर

खटपट्या, असा सप्लाय तुम्ही वापरा, मी वापरतो, पण आठवीतल्या मुलीच्या हातात देऊ नका. त्याची १२ व्होल्टची लाइन पंधरा-वीस अँपियर सहज देते. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या बोर्डावर) वायर चुकली तर तो सप्लाय थांबत नाही. त्याच्या हिशेबी वीस अँपियर म्हणजे शॉर्ट नाहीच, तो एखादा चांगला ग्राहक आहे. तोवर वायरीचं प्लास्टिक वितळून बोर्डाच्या भोकात गेलेलं असतं.

आम्ही टीव्ही दुरुस्त करायचो तेव्हा सेट सरळ मेनवर कधी लावत नसू. आधी सिरीज बोर्ड. शंभरचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटायचा, सेट वाचायचा. बेंच सप्लायवरचं करंटचं बटन म्हणजे तोच बल्ब, फक्त हवा तेवढ्या वॅटचा करता येणारा. ते बटन नसेल तर तो अ‍ॅडाप्टर. किंमत काही का असेना.

---

वाचनमात्र

यातलं काही कळत नाही, पण बल्बचं कळलं. वाचतोय.

---

रिपल

काकांशी पूर्ण सहमत. माझं रोजचं काम पॉवर सप्लाय डिझाइनचं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ब्रेडबोर्ड, "५ की १०" हा प्रश्नच बाजूला ठेवा. तुम्ही दिलेल्या कामांत ईएसपी३२ वायफायवर प्रक्षेपण करताना क्षणभर अर्ध्या अँपियरपर्यंत जातो, एरवी शंभर-दीडशे मिलिअँपियरच्या आत. सेन्सर तर मोजावेही लागत नाहीत. प्रीअँप वीस-तीस मिलिअँपियर. खेळण्यातली पिवळी गिअर मोटर अडकली तर एक अँपियरच्या आसपास. म्हणजे तुमचं नव्वद टक्के आयुष्य एका अँपियरच्या आत जाणार आहे.

तेव्हा विचारायचं ते हे : हा सप्लाय करंट किती कमीवर बांधता येतो? दहा अँपियरच्या स्वस्त सप्लायमध्ये करंटचा आकडा बहुधा दोनच दशांशांचा असतो, म्हणजे १० मिलिअँपियरची पायरी, आणि त्या पायरीवरही तो डळमळतो. साध्या एलईडीला २० मिलिअँपियर द्यायचे तर तुम्ही अंदाजानेच चालणार. जिथे १ मिलिअँपियरपर्यंत दिसतं आणि बांधता येतं, तो सप्लाय तुमच्या कामाचा, मग तो तीनच अँपियरचा का असेना.

आता एक गोष्ट कोणी सांगत नाही. करंट लिमिट लावलं म्हणजे एलईडी वाचलाच असं नाही. आउटपुटला आतून मोठा कपॅसिटर असतो, शे-दोनशे ते हजार मायक्रोफॅरडचा. तो १२ व्होल्टला भरून बसलेला असतो. तुम्ही चालू टोकांवर एलईडी टेकवलात की आधी हा कपॅसिटर त्यात रिकामा होतो, लिमिट लावणारं सर्किट त्याच्या मागे बसलेलं असतं, ते बघत राहतं. म्हणून क्रम असा : आउटपुट बंद, वस्तू जोडा, व्होल्टेज शून्याजवळ, मग आउटपुट चालू करून हळूहळू वर. यासाठी आउटपुट चालू-बंद करायचं वेगळं बटन असलेला सप्लायच घ्या. मागच्या मेन स्विचने चालू-बंद करायची सवय वाईट. स्वस्त सप्लाय चालू-बंद होताना क्षणभर भलतंच व्होल्टेज बाहेर टाकू शकतो.

लिमिट लावायची रीत : आधी व्होल्टेज ठरवा, मग करंटचं बटन अगदी कमीवर आणून लाल-काळी टोकं एकमेकांना टेकवा. "सीसी" (कॉन्स्टंट करंट, म्हणजे करंट बांधला गेलाय) चा दिवा लागेल. आता करंटचं बटन हव्या आकड्यावर आणा, टोकं सोडा. यात काही जळत नाही, सप्लाय त्यासाठीच बनलेला असतो. ईएसपी३२ ला मात्र लिमिट दोनशेवर ठेवू नका, वायफाय सुरू होताना व्होल्टेज पडून तो पुन्हापुन्हा रीसेट होईल आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसाल. ७०० च्या पुढे ठेवा.

---

ब्रेडबोर्ड_नाशिक

रिपल, दंडवत! दहा अँपियरचं भूत उतरलं. आता पुढचा प्रश्न. काही सप्लाय दीड-दोन किलोचे आहेत, काही पाच किलोचे. वजनदार ते मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे लिनिअर, हलके ते एसएमपीएस, एवढं कळलं. फोनो प्रीअँपसाठी लिनिअरच हवा ना?

---

लहरी_हॅम

हो. आणि नुसत्या प्रीअँपसाठी नाही, पुढे कधी रेडिओ रिसीव्हर बनवायची हुक्की आली तर अजूनच. स्विचिंग सप्लायचा कचरा हॅम रेडिओच्या ७ मेगाहर्ट्झवर असा पसरतो की बँड आहे की पिठाची गिरणी कळत नाही. दुकानात तपासायची सोपी पद्धत : खिशातला छोटा ट्रान्झिस्टर न्या, मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि सप्लायजवळ धरा. खरखर वाढली तर समजा.

लिनिअरमध्ये रिपल (डीसीवर उरलेली लहर) १ मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली लिहिलेला असतो. स्वस्त एसएमपीएसचा दहा-दहा मिलिव्होल्टच्या हिशेबात. फोनो काडतुसातून (सुई बसवलेल्या डबीतून) येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. बघा आता.

---

माळरान

आमच्याकडे सांगोल्याच्या बाजूला चित्र वेगळं आहे, म्हणून लिहितोय. कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज १७०-१८० वर येतं. ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय २३० धरून बांधलेला असतो. इकडे व्होल्टेज पाव भागाने घसरलं की आतलंही तेवढंच घसरतं. ५ व्होल्ट काढत असाल तर कळणारही नाही, पण २५-२८ व्होल्ट काढायला गेलात की रेग्युलेटरला खेळायला जागा उरत नाही आणि १०० हर्ट्झची गुरगुर थेट आउटपुटला येते. इथे मला एसएमपीएसच बरा वाटतो.

---

रिपल

माळरान, मुद्दा खरा आहे, पण एक धोका लिहिते. सगळे एसएमपीएस ९० ते २६० व्होल्ट खाणारे नसतात. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त बेंच सप्लायच्या पाठीमागे ११५/२३० चा लाल सरकता स्विच असतो. असा स्विच असेल तर तो सप्लाय कमी व्होल्टेजवर आपोआप जुळवून घेत नाही. आणि व्होल्टेज १७० आहे म्हणून तो स्विच ११५ वर सरकवायचा मोह कोणालाही होऊ नये. पंप बंद झाले, व्होल्टेज २३० ला परत आलं, की आतले इनपुट कपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात. नवा सप्लाय घरी आला की वायर लावण्याआधी हा स्विच कुठे आहे ते बघा. कारखान्यातून ११५ वर आलेला असू शकतो.

कमी व्होल्टेजच्या गावात लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर उत्तम. त्यावर १००-२४० छापलेलं असतं आणि ते खरं असतं.

---

खटपट्या

चला, शेवटी आलात माझ्या वाटेवर! लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर, त्यापुढे ते डिस्प्ले आणि बटन असलेलं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल. डीपीएस५००५ नावाचं मिळतं, ५० व्होल्ट ५ अँपियरपर्यंत जातं, करंट लिमिट आहे, आउटपुटचं बटन आहे. हे बक असल्यामुळे इनपुटपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत नाही, १९ टाकले तर १७ पर्यंत धरा. ६५ वॅटचा अ‍ॅडाप्टर असला तरी ५ व्होल्टला भरपूर करंट मिळतो. आणि अधिक-उणे १२ हवे तर दोन मॉड्यूल घ्या, एकाचं अधिक दुसऱ्याच्या उण्याला जोडा, झालं. दोन चॅनल, म्हणजे दोन आउटपुट तयार.

---

जुना_ट्रान्झिस्टर

थांबा थांबा. दोन्ही मॉड्यूल एकाच अ‍ॅडाप्टरवर?

---

खटपट्या

हो. का?

---

रिपल

का ते मी सांगते, कारण हे वाचून कोणीतरी नक्की करून बघेल.

या मॉड्यूलमध्ये इनपुट आणि आउटपुट यांत आयसोलेशन, म्हणजे विजेची फारकत नसते. आउटपुटचं उणे आतून इनपुटच्या उण्याशीच जोडलेलं असतं. एकाच अ‍ॅडाप्टरवर दोन मॉड्यूल म्हणजे दोघांचं उणे एकच. आता पहिल्याचं अधिक दुसऱ्याच्या उण्याला जोडलंत, की पहिल्याचं अधिक त्याच्याच उण्याला जोडलंत. सरळ शॉर्ट. अधिक-उणे काही मिळणार नाही, फक्त सीसीचा दिवा मिळेल, तोही नशीब असेल तर.

दोन वेगळे अ‍ॅडाप्टर घेतले तरी सुटका नाही. तीन पिनांच्या बऱ्याच लॅपटॉप अ‍ॅडाप्टरमध्ये डीसीचं उणे अर्थिंगला जोडलेलं असतं. म्हणजे दोन्ही उणी भिंतीतून पुन्हा एकत्र आली. मल्टिमीटरने अर्थची पिन आणि डीसीचं उणे यांत रेझिस्टन्स बघायचा. ओएल (जोडणीच नाही) दाखवला तरच पुढे जायचं. दोन पिनांचे अ‍ॅडाप्टर चालतील, पण त्यांचं वेगळं दुखणं : मेन आणि आउटपुट यांच्यामधल्या छोट्या वाय कपॅसिटरमुळे आउटपुट अर्ध्या मेन व्होल्टेजवर तरंगत असतं. करंट नगण्य, बोटाला झिणझिण्या येतात तेवढाच, पण एखाद्या मॉसफेटचं (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) नाजूक गेट जाळायला तेवढा पुरतो.

एटीएक्सचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या एसएमपीएसचंही तेच. त्याचं उणे म्हणजे पत्रा म्हणजे अर्थ. आणि ती निळी उणे १२ ची लाइन जेमतेम अर्ध्या अँपियरची.

---

खटपट्या

मान्य. वरच्या प्रतिसादातलं दोन मॉड्यूलचं वाक्य कोणी अमलात आणू नये. एका मॉड्यूलचा आग्रह मात्र सोडत नाही.

---

डीसी_मशीन

मंडळी, कोल्हापुरात मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय माझं. एवढी चर्चा वाचली, पण काट्याच्या मीटरचं कोण बोलंना!

आम्ही याला डीसी मशीन म्हणतो. दुकानात १५ व्होल्ट २ अँपियरचं काट्याचं मशीन असतंय, तेवढं बास होतंय. डिजिटल आकडा सेकंदाला दोन-तीनदा बदलतोय, तेवढ्यात फोननं काय खाल्लं ते कळत न्हाई. काटा मात्र सगळं सांगतोय. पॉवरचं बटन दाबलं आणि काटा थोडा हलून तिथंच थबकला तर एक गोष्ट, उडी मारून परत आला तर दुसरी, बटन न दाबताच वर चढला तर मेन लाइनच शॉर्ट. मुलगी शिकत असंल तर काट्याचं घ्या दादा. करंट म्हणजे काय ते डोळ्याला दिसतंय.

अजून एक. शॉर्ट शोधायला याच्यासारखं हत्यार न्हाई. शॉर्ट झालेल्या लाइनला एक व्होल्ट, एक-दोन अँपियर सोडायचा, बोर्डावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) टाकायचं. जिथलं आधी सुकतंय तो कपॅसिटर मेला. व्होल्टेज मात्र त्या लाइनच्या वर न्यायचं न्हाई, न्हाईतर चांगल्या आयसीपण जातील.

---

लहरी_हॅम

काट्याला +१. माझ्या टेबलावर दोन्ही आहेत, आणि नजर काट्याकडेच जाते.

---

ब्रेडबोर्ड_नाशिक

वा, मजा येतेय! पण आता अधिक-उणे १२ चं काय? ड्युअल चॅनल नवा घ्यायचा तर बजेट कोसळतं. रायगोलचा डीपी८३२ बघितला, तीन चॅनल, लाळ गळली, किंमत बघून पान बंद केलं.

---

जुना_ट्रान्झिस्टर

त्यासाठी सप्लाय विकत घ्यायचाच कशाला? प्रीअँपला कायमचा स्वतःचा सप्लाय लागणारच आहे. बेंचवरचा सप्लाय काही रेकॉर्ड प्लेअरशेजारी ठेवणार नाही तुम्ही. आत्ताच बांधा, तोच टेस्टिंगलाही वापरा.

१५-०-१५ चा अर्ध्या अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, दोन्हीकडे १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे कपॅसिटर, अधिक बाजूला एलएम३१७, उणे बाजूला एलएम३३७, या व्होल्टेज बांधणाऱ्या आयसी. दोन्हींना १२० ओहम आणि १ केचे रेझिस्टर. सूत्र : १.२५ गुणिले (१ अधिक १०००/१२०), म्हणजे पावणेबाराच्या आसपास. प्रीअँपमधल्या ऑप-अँप आयसीला तेवढे भरपूर. करंट इतका कमी की हीटसिंकही लागणार नाही. पत्र्याचा डबा घ्या आणि ट्रान्सफॉर्मर प्रीअँपपासून हातभर लांब, वेगळ्या डब्यात ठेवा. नाहीतर सप्लाय कितीही स्वच्छ असला तरी ५० हर्ट्झची गुणगुण काडतुसातून येईल.

३१७ आणि ३३७ च्या पिना सारख्या नाहीत, हे ध्यानात ठेवा. ३१७ चा मधला पाय आणि पाठीचा पत्रा आउटपुट, ३३७ चा मधला पाय आणि पत्रा इनपुट. सामान ठाण्या-मुंबईचे लोक लॅमिंग्टन रोडवरून आणतात, पुण्याचे बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून. नाशिकचं तुम्हाला जास्त माहीत.

---

माळरान

काका, मग बेंचवर एकच चॅनल पुरेल?

---

जुना_ट्रान्झिस्टर

पुरेल. एक चांगला चॅनल आणि हा डबा. जुना मिळाला तर अजून चांगलं. कॉलेजच्या लॅब अधूनमधून सामान निकालात काढतात, त्यात भारतीय बनावटीचे ३० व्होल्ट २ अँपियरचे लिनिअर सप्लाय असतात. ठाण्याच्या अ‍ॅपलॅबचे सप्लाय पाहिले नाहीत असा आमच्या पिढीचा डिप्लोमावाला सापडणार नाही. पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातही नजर टाकता येते. घेताना बटन पूर्ण फिरवून बघा. मधेच आकडा उड्या मारत असेल तर पॉट (बटनामागचा फिरता रेझिस्टर) झिजलेला आहे, तो बदलता येतो. लोड लावल्यावर गुरगुर आली तर मोठे कपॅसिटर सुकलेत, तेही बदलता येतात. ट्रान्सफॉर्मर जळका वास मारत असेल तर नमस्कार करून पुढे जा.

---

रिपल

जुन्याला माझाही पाठिंबा. फक्त लिनिअरची उष्णता समजून घ्या. आत समजा ३६ व्होल्ट आहेत आणि तुम्ही ३.३ व्होल्टला २ अँपियर घेताय, तर उरलेले ३२.७ व्होल्ट गुणिले २, म्हणजे ६५ वॅट उष्णता मागच्या हीटसिंकवर. म्हणून मोठ्या लिनिअरमध्ये रिलेने ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलतात. व्होल्टेज फिरवताना आतून "टक" आवाज येतो तो त्याचा. बिघाड समजू नका. मागची जाळी भिंतीला चिकटवून ठेवू नका, एवढंच.

आणि पुढे तीन टोकं असतील : लाल, काळं, हिरवं. हिरवं म्हणजे अर्थ, उणे नव्हे. मोटर लाल आणि हिरव्यात जोडली तर फिरणार नाही. काळं-हिरवं यांच्यामध्ये पत्र्याची पट्टी असेल तर ती काढून ठेवा, आउटपुट तरंगता राहू दे. पुढे ऑसिलोस्कोप घेतलात तर त्याची काळी क्लिप अर्थला जोडलेली असते. सप्लायचं उणेही अर्थला असेल आणि क्लिप भलत्या जागी लागली, तर शॉर्ट स्कोपमधून होतो.

---

ब्रेडबोर्ड_नाशिक

ठरलं तर. ३० व्होल्ट ३ अँपियरपर्यंतचा लिनिअर, एक चॅनल, आउटपुटचं बटन, जमल्यास काटा. आधी जुना शोधतो, महिनाभरात नाही मिळाला तर नवा. प्रीअँपचा डबा काकांच्या कृतीने, लेकीकडून सोल्डर करून घेणार.

एक शेवटचं. याच सप्लायवर लिथियमचे सेल चार्ज करता येतील का? गाडीला १८६५० मापाचे दोन सेल आहेत.

---

रिपल

सुटा एक सेल, ४.२० व्होल्ट, करंट क्षमतेच्या निम्म्यावर, करंट उतरत उतरत पन्नास-शंभर मिलिअँपियरवर आला की काढायचा. तत्त्वतः हो. पण तीन अटी. व्होल्टेज सप्लायच्या आकड्यावर नाही, सेलच्या टोकांवर मल्टिमीटरने तपासायचं. सप्लाय बंद करण्याआधी सेल सोडवायचा, नाहीतर सेल उलटा सप्लायमध्ये रिकामा होत बसतो. आणि खोली सोडून जायचं नाही. दोन सेल सिरीजमध्ये एकदम चार्ज करायचे नाहीत, ते समान भरत नाहीत. मुलीसाठी म्हणाल तर नकोच. दोन खणांचा तयार चार्जर आणून द्या, शे-दीडशेचा.

---

डीसी_मशीन

आणि दादा, सप्लायबरोबर येणाऱ्या वायरी लगेच बदला. आत केसासारखी तार असतीय, मगर क्लिप नुसती दाबून बसवलेली. दोन अँपियर ओढला की मशीनवर ५ आणि मोटरपाशी साडेचार. दीड एमएमची मऊ वायर, चांगल्या बनाना पिना, क्लिप सोल्डर करून घ्या. पहिलं काम लेकीला हेच द्या.